हृदय सैल कसे पडते : नायट्रिक ऑक्साइड आणि हृदयस्नायू

साठी ओलांडलेले माणूस ज्या घरात आहे, त्या घरात कपड्यांच्या कपाटात खालच्या खणात एक प्लास्टिकची फाइल असते. तिच्यात साखरेचे, कोलेस्टेरॉलचे आणि बहुधा इकोचेही रिपोर्ट असतात. इकोच्या रिपोर्टातला एक आकडा सगळे वाचतात : इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी साठ टक्के रक्त एका ठोक्यासरशी बाहेर फेकले जाते. आकडा चांगला आहे, पंप मजबूत आहे, असे डॉक्टर सांगतात आणि घरचे निश्चिंत होतात. पण त्याच कागदावर खाली कुठेतरी दुसरी एक ओळ असते, ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिस्फंक्शन’. ती कोणी वाचत नाही. वाचली तरी समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो.

या ओळीने लगेच घाबरून जाऊ नका. केस पिकावेत तशी ती उतारवयात पुष्कळांच्या रिपोर्टात येते आणि एवढ्यावरून कोणी आजारी ठरत नाही. पण आपल्यातल्याच काही घरांत अशी एखादी मावशी किंवा आत्या असते, जिचा पंप साठ टक्के आहे, तरी लष्करातल्या जुन्या वाड्याचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबते. उरवाई घाटीने किल्ल्यावर जाऊन मूर्तींचे दर्शन घेणे तिने केव्हाच सोडलेले असते. रात्री दोन उशा लागतात. संध्याकाळी पावलांवर सूज येते. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग हिला होते काय?’ असे घरचे विचारतात आणि थोड्या दिवसांनी तिच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू लागतात. तिच्या दुखण्याचे उत्तर त्या दुसऱ्या ओळीत असू शकते. हृदयाला आवळता येते, पण नीट सैल पडता येत नाही.

सैल पडणे हेही हृदयाचे एक काम आहे आणि त्यावर एका अतिशय साध्या वायूचा हुकूम चालतो, हे गेल्या चाळीस वर्षांत हळूहळू उलगडले. या कामात ज्यांचे नाव पुन्हा पुन्हा येते ते अजय शाह. ते लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये ब्रिटिश हार्ट फाउंडेशनचे हृदयरोगशास्त्राचे प्राध्यापक आहेत. आडनाव ऐकून आमच्या समाजातल्या काहींना लगेच आपलेपणा वाटेल, पण मला त्यांच्याविषयी आदर वाटतो तो त्यांच्या प्रयोगांमुळे.

आधी स्नायूची गोष्ट. मिनिटाला बहात्तर ठोके धरले, तर दिवसाला लाखाहून अधिक ठोके होतात. एका ठोक्याला साधारण आठ दशांश सेकंद मिळतात. त्यांतले सुमारे तीन दशांश आवळण्यात जातात आणि पाच दशांश सैल पडण्यात व रक्ताने भरण्यात. म्हणजे हृदयाचा जास्त वेळ भरण्यातच जातो. ग्वाल्हेरात राहणाऱ्यांना हे पटवणे सोपे आहे. समेवर टाळी सगळ्यांची पडते, पण खाली जिथल्या तिथे आली नाही तर ठेका उभा राहत नाही.

हृदयस्नायूची एक पेशी मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी लांब असते. तिच्यात प्रथिनांचे तंतू एकमेकांत सरकतील असे रचलेले असतात. विजेची लहर आली की बाहेरून थोडे कॅल्शियम आत शिरते. तेवढ्याने पेशीतल्या कोठारांची दारे उघडतात आणि बरेचसे कॅल्शियम एकदम बाहेर पडते. ते तंतूंवरच्या ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटले की तंतू एकमेकांना पकडून ओढू लागतात. ही झाली आवळ. आता सैल पडायचे, तर ते सगळे कॅल्शियम पुन्हा कोठारात भरावे लागते. त्यासाठी पेशीत पंप आहेत आणि ते फुकट चालत नाहीत, त्यांना इंधन लागते. तंतूंची एकमेकांवरची पकड सुटायलाही तेच इंधन लागते. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठते, ते इंधन संपल्यामुळे स्नायूंची पकड सुटत नाही म्हणून. तेव्हा सैल पडणे म्हणजे नुसती विश्रांती असा समज असेल तर तो काढून टाका. त्याला शक्ती खर्चावी लागते.

आता वायूकडे येऊ. नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक, की झाला नायट्रिक ऑक्साइड. दंतवैद्य वापरतात तो हसवणारा वायू वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड. नायट्रिक ऑक्साइड हा १९८०च्या आधी मुख्यतः मोटारींच्या धुरातला एक प्रदूषक म्हणून ठाऊक होता. पण त्याची औषधी कथा त्याच्या फार आधी सुरू होते आणि तिच्यात होमिओपॅथीचा एक अध्याय आहे. आमच्या महाविद्यालयांत तो अर्धाच शिकवतात, म्हणून येथे थोडा सविस्तर सांगतो.

१८४७ साली इटलीतील तुरीन शहरी आस्कानिओ सोब्रेरो यांनी नायट्रोग्लिसरीन तयार केले. थेंबभर जिभेला लावून पाहिले, तर डोके भयंकर ठणकू लागले. ही वार्ता अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोचली. तेथे कॉन्स्टंटाइन हेरिंग होते, आमच्या शास्त्राचे अमेरिकेतले आद्य पुरुष. त्यांनी मॉरिस डेव्हिस या रसायनतज्ज्ञाकडून तो पदार्थ बनवून घेतला, स्वतःवर आणि इतरांवर त्याची परीक्षा केली, आणि रासायनिक चिन्हांची अक्षरे जुळवून त्याला ‘ग्लोनॉइन’ असे नाव दिले. नाडी जलद होते, डोक्यात घण पडल्यासारखे ठोके बसतात, हे त्यांनी बारकाईने नोंदवले. ‘समाने समाचा उपाय’ या तत्त्वाप्रमाणे त्यांनी ते डोकेदुखीसाठी वापरायचे ठरवले. पुढे लंडनच्या विल्यम मरेल यांनी या द्रावाने ओले झालेले बूच चाटले. स्वतःची नाडी उडताना पाहून त्यांच्या लक्षात आले की हा परिणाम अमाइल नायट्राइटसारखा आहे. अमाइल नायट्राइटने हृदयशूळ उतरतो हे लॉडर ब्रंटन यांनी १८६७ मध्ये एडिंबरोला दाखवले होते. मरेल यांनी नायट्रोग्लिसरीन हृदयशूळाच्या रोग्यांना दिले आणि १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. तेव्हापासून आजतागायत ते औषध चालू आहे. नायट्रोग्लिसरीनपासून डायनामाइट करणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना आयुष्याच्या शेवटी हृदयविकारासाठी डॉक्टरांनी तेच सुचवले आणि त्यांनी या योगायोगाची एका पत्रात थट्टा केली.

हेरिंग यांचे निरीक्षण अस्सल होते, असे मी मानतो. पदार्थ रक्तवाहिन्यांवर जोराने काम करतो हे त्यांनी मरेल यांच्या तीस वर्षे आधी टिपले. पण त्यांना जे दिसले ते पदार्थ प्रत्यक्ष जिभेवर असताना दिसले. ग्लोनॉइन तीस पोटेन्सीत मूळ पदार्थाचा एकही रेणू उरत नाही. शततमान पद्धतीने बाराव्या पायरीपलीकडे तो उरण्याची शक्यताच संपते. हे गणित रसायनाच्या पहिल्या वर्षाचे आहे. माझ्या कपाटातही ती बाटली आहे, उन्हाच्या डोकेदुखीसाठी लोक ती मागायला येतात. परंतु छातीत आवळून येत असेल तर ती बाटली उघडण्यात एक मिनिटही घालवू नका. माझ्या व्यवसायातल्या काही मित्रांना हे रुचणार नाही. त्यांनी हेरिंग मुळातून वाचावेत.

नायट्रोग्लिसरीन गुण देते, पण कसा, हे शंभर वर्षे कोणालाच माहीत नव्हते. स्फोटकांच्या कारखान्यांत एक विचित्र अनुभव मात्र सर्वांना होता. सुटीनंतर सोमवारी कामावर आलेल्या कामगारांची डोकी ठणकत, मग आठवडाभर सवय होई, रविवारी सवय मोडे आणि सोमवारी पुन्हा तेच. म्हणूनच आजही हृदयरोगतज्ज्ञ या वर्गातल्या गोळ्यांच्या वेळा अशा लावतात की दिवसातले काही तास शरीर औषधाविना राहावे. सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी असे आपल्या सोयीने करू नये, त्याचे कारण हे सोमवारचे दुखणे.

१९७७ मध्ये फेरिद मुराद यांनी दाखवले की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि पेशीतल्या एका विकराला जागे करतो. १९८० मध्ये न्यूयॉर्कला रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाद्झ्की यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर काम केले. रक्तवाहिनीच्या आतून पेशींचे एक अत्यंत पातळ अस्तर असते, त्याला एन्डोथेलियम म्हणतात. हे अस्तर शाबूत असेल तर अॅसिटिलकोलीन या द्रव्याने वाहिनी सैल पडते. ते खरवडले गेले असेल तर तेच द्रव्य उलट तिला आवळते. म्हणजे अस्तरातून काहीतरी निघते आणि शेजारच्या स्नायूला ‘सैल पड’ असे सांगते. ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे १९८७ मध्ये लंडनला साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत लुई इग्नॅरो यांनी सिद्ध केले. १९९८चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना मिळाले. मोंकादा राहून गेले, त्याची चर्चा अजून चालते.

येथपर्यंतची कथा रक्तवाहिन्यांची झाली. हृदयस्नायूचा विचार तिच्यात नव्हता. नायट्रेटची गोळी शिरा रुंद करते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, ओझे उतरते, म्हणून शूळ थांबतो, असे आम्हीही शिकलो आणि ते बरोबरच आहे. पण हृदयाच्या कप्प्यांनाही आतून तसेच अस्तर आहे. ते काय करते?

बेल्जियममधील अँटवर्प येथे डर्क ब्रुटसर्ट यांनी हा प्रश्न विचारला. मांजराच्या हृदयातला एक लहानसा स्नायू घेऊन त्यांनी तो क्षणभर साबणासारख्या द्रावात बुडवला. एवढ्याने वरचे अस्तर मेले, स्नायू मात्र जिवंत राहिला. त्याची आवळ आता लवकर संपू लागली. १९८८ साली हे प्रसिद्ध झाले. अस्तर म्हणजे नुसते वेष्टन नाही, ठोका किती वेळ चालावा यात त्याचा हात आहे, हे त्यातून दिसले. अजय शाह यांचे नाव येथे येते. ब्रुटसर्ट यांच्याबरोबर १९८९ मध्ये आणि मग वेल्समधील कार्डिफ येथे माल्कम लुईस यांच्याबरोबर त्यांनी हा धागा पुढे नेला. फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी आणि डुक्कर यांच्या हृदयांच्या अस्तरातून जे द्रव्य पाझरते ते स्नायूवर सोडून पाहिले. या अस्तरातून दोन्ही तऱ्हेचे निरोप जातात, एक ठोका लांबवणारा आणि एक आखडता घ्यायला लावणारा. आखडता घ्यायला लावणाऱ्यांपैकी एक नायट्रिक ऑक्साइड.

पण निरोप पेशीत पोचल्यावर नेमके काय होते? कॅल्शियम कमी सुटते, की सुटलेल्या कॅल्शियमला तंतू कमी जुमानतात? हा प्रश्न बाहेरून बघून सुटणारा नव्हता. अमेरिकेत बाल्टिमोरला एडवर्ड लकाटा यांच्या वार्धक्य-संशोधन केंद्रात शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाच्या एकेका सुट्या पेशीवर काम केले. पेशीत असा एक रंग सोडला जो कॅल्शियमच्या प्रमाणात चमकतो. एकीकडे ती चमक आणि दुसरीकडे पेशीची लांबी, दोन्ही ठोक्या-ठोक्याला एकाच वेळी मोजले. मग नायट्रिक ऑक्साइड पेशीत ज्याच्या हाती निरोप देतो त्या दूताची, सायक्लिक जीएमपीची, एक टिकाऊ नक्कल पेशीला दिली. कॅल्शियमची चमक होती तशीच राहिली. पेशी मात्र थोडी कमी आवळली, लवकर सैल पडली आणि विसाव्यात आधीपेक्षा जरा लांब झाली. म्हणजे सांगणारा आवाज तेवढाच होता, ऐकणाऱ्यांचे कान थोडे मंद झाले होते. १९९४ सालचा हा निबंध मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो, कारण एका प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तर असे फार थोड्या ठिकाणी मिळते.

त्याच वर्षी माणसावरचा पुरावा आला. बेल्जियममधील आल्स्ट गावी वॉल्टर पाउलुस आणि शाह यांनी तपासणीसाठी आलेल्या रुग्णांच्या हृदयधमन्यांत थेट, नायट्रिक ऑक्साइड सोडणारे औषध अगदी अल्प प्रमाणात दिले. बाकी शरीराच्या वाहिन्यांवर परिणाम होऊ नये इतके अल्प. डाव्या कप्प्यात दाब मोजणारी नळी होतीच. हृदय लवकर सैल पडू लागले आणि त्याच दाबाला जास्त रक्त सामावू लागले. पिशवी नवी नव्हती, पण शिवण सैल झाल्यासारखी झाली. यामागे ट्रोपोनिनशिवाय आणखी एक प्रथिन आहे, टायटिन. मानवी शरीरातले हे सर्वांत मोठे प्रथिन हृदयाच्या पेशीत स्प्रिंगसारखे काम करते. नायट्रिक ऑक्साइडच्या साखळीतून त्याच्यावर फॉस्फेटची खूण उमटली की स्प्रिंग मऊ होते, खूण उमटली नाही की कडक राहते.

हे सगळे वाचून वाटेल की वायू जितका जास्त तितके हृदय सुखी. येथेच पुढची वीस वर्षे संशोधकांची परीक्षा झाली.

नायट्रिक ऑक्साइड शरीरात काही सेकंदच टिकतो. इतके अल्पायुषी द्रव्य दूर जाऊच शकत नाही, म्हणून तो कोणत्या कोपऱ्यात तयार होतो यालाच सगळे महत्त्व. हृदयाच्या एकाच पेशीत तो बनवणारे दोन कारखाने आहेत. एक पेशीच्या बाहेरच्या भिंतीतल्या खोबणीत, कॅल्शियम आत घेणाऱ्या दाराजवळ. दुसरा आत, कॅल्शियमच्या कोठाराला लागून. २००२ मध्ये बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जोशुआ हेअर यांच्या गटाने एकेक कारखाना जन्मतः नसलेले उंदीर तपासले. हृदयाला घाईचा इशारा दिल्यावर बाहेरचा कारखाना नसलेल्या उंदरांचे हृदय प्रमाणाबाहेर जोरात चालले आणि आतला नसलेल्यांचे जोर धरीना. वायू तोच, पेशी तीच, अंतर मिलिमीटरच्या हजारांश भागाचे, आणि परिणाम विरुद्ध. शाह यांच्या गटाने किंग्जमध्ये माणसांवर याच फरकाचा माग काढला. फक्त मज्जातंतूंच्या जातीचा कारखाना बंद करणारे द्रव्य त्यांनी स्वयंसेवकांच्या हातातल्या धमनीत आणि नंतर रुग्णांच्या हृदयधमन्यांत दिले. विश्रांतीतला रक्तप्रवाह घटला, पण अस्तराला चाळवल्यावर होणारा प्रसरणाचा प्रतिसाद अबाधित राहिला. २००८ आणि २००९चे हे निबंध. आजवर जे सगळे अस्तराच्या खात्यावर जमा होते त्यातला मोठा वाटा दुसऱ्याचा निघाला.

दुसरी अडचण शत्रूची. पेशीत सुपरऑक्साइड नावाचा ऑक्सिजनचा एक तापट प्रकार तयार होतो. तो नायट्रिक ऑक्साइडला गाठला की दोघे मिळून एक विषारी संयुग बनते. निरोपही बुडतो आणि वर इजाही होते. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, स्थूलपणा, या सगळ्यांत सुपरऑक्साइड वाढतो. शाह यांनी नंतरची बरीच वर्षे तो बनवणाऱ्या यंत्रांवर घालवली. नॉक्स टू नावाचे यंत्र नसलेल्या उंदरांत, अँजिओटेन्सिन या दाब वाढवणाऱ्या संप्रेरकाने हृदय जाड झाले नाही, असे २००२ मध्ये दिसले. २०१०मध्ये त्यांनीच दाखवले की नॉक्स फोर हे त्याचे भावंड ताणाखालच्या हृदयाचे रक्षण करते. दोघेही ऑक्सिजनचे तापट प्रकारच तयार करतात, तरी एक मारक आणि एक तारक. तेव्हा ‘अँटिऑक्सिडंट घ्या, सगळे ठीक होईल’ असे सांगणाऱ्या जाहिरातींचे काय करायचे ते आपणच ठरवा. २०००मध्ये ‘होप’ या चाचणीत साडेनऊ हजार रुग्णांना व्हिटॅमिन ई किंवा नुसती गोळी वर्षानुवर्षे दिली. हृदयाला काहीच फरक पडला नाही.

आता त्या जिन्यावर थांबणाऱ्या मावशीकडे येऊ. पाउलुस आणि त्यांचे सहकारी कार्स्टन च्योपे यांनी २०१३ मध्ये एक विचार मांडला. स्थूलपणा, मधुमेह, रक्तदाब यांमुळे अंगभर मंद दाह राहतो, हृदयातल्या सूक्ष्म वाहिन्यांचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी देते, शेजारच्या स्नायूपेशीत टायटिनची स्प्रिंग कडक होते, आणि पंप जोरदार असूनही भरत नाही. विचार इतका सुसंगत होता की औषध उघड दिसत होते : वायू द्या. अमेरिकेत एकशेदहा रुग्णांवर नायट्रेटची गोळी देऊन पाहिली. २०१५ मध्ये निकाल आला. त्यांच्या हालचाली मोजणारे यंत्र कमरेला बांधले होते, आणि गोळी घेणारे लोक कमी हिंडू लागले होते. सायक्लिक जीएमपी टिकवून धरणारे सिल्डेनाफिलही २०१३ मध्ये २१६ रुग्णांत निष्फळ ठरले होते. आणि २०१९ मध्ये डॅलसच्या जोसेफ हिल यांच्या गटाने याच आजाराच्या उंदरांत उलटेच दाखवले : दाहाच्या वेळी जागा होणारा तिसऱ्या जातीचा कारखाना भलत्याच ठिकाणी भरमसाट वायू सोडतो, आणि तो दाबला की हृदय सुधारते. कोपऱ्यात योग्य वेळी चिमूटभर हवे ते, घरभर ओतून चालत नाही.

मला या अपयशाचे वाईट वाटत नाही. शाह यांच्या एका सुट्या पेशीपासून इथपर्यंतचा रस्ता सरळ नसणार, हे त्या पेशीतल्या दोन कारखान्यांनीच सांगितले होते. सुदैवाने दुसऱ्या वाटेने औषध आले. मधुमेहासाठी निघालेल्या एम्पाग्लिफ्लोझिनने या ताठर हृदयाच्या रुग्णांत इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण घटते, हे २०२१ मध्ये जवळपास सहा हजार लोकांच्या चाचणीत दिसले. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या शब्दांवर मावशीला घरी बसवू नका. हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या आणि ती दुसरी ओळ दाखवून विचारा.

आता थोडे घरातले. शरीर नायट्रिक ऑक्साइड आर्जिनीन या अमिनो आम्लापासून बनवते, म्हणून व्यायामशाळांतून आर्जिनीनची पावडर ‘बूस्टर’ म्हणून विकली जाते. नातवाच्या खोलीत डबा दिसला तर आजोबांनी त्यातली घेऊ नये. २००६ मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण आर्जिनीन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले आणि न घेणाऱ्यांत एकही नाही.

दुसरा रस्ता भाजीचा. पालेभाज्या आणि बीट यांत नायट्रेट भरपूर असते. जिभेवरचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, आणि पुढे शरीरात त्यातून वायू सुटतो. २००८ मध्ये लंडनला निरोगी माणसांना अर्धा लिटर बीटचा रस दिला, तर तीन तासांत वरचा रक्तदाब सरासरी दहा अंकांनी उतरला. आमच्या घरात बीट कंद म्हणून येत नाही आणि चातुर्मासात पालेभाजीही बंद असते. पण बाकीचे आठ महिने मेथी, पालक, चुका, माठ आहेत, आणि तेवढ्यात काही कमी पडते असे मला दिसलेले नाही. जंतुनाशक औषधाने रोज चुळा भरणाऱ्यांनी मात्र जाणून असावे की ते जिभेवरचे उपयोगी जंतूही मारते. गाणाऱ्यांच्या या शहरात आणखी एक सांगण्यासारखे : तोंड मिटून गुणगुणले की नाकातल्या पोकळ्यांतून नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या सुमारे पंधरापट बाहेर येतो, असे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजले. तो नाकातला वायू आहे. त्याने हृदयरोग बरा होतो असे कोणी सांगितले तर ऐकून घ्या आणि गात राहा. हृदयाच्या वाहिन्यांसाठी खरा उपाय चालणे आहे. रक्त जोराने वाहताना अस्तराला जो घसारा लागतो, त्यानेच तिथला कारखाना चालू होतो.

शेवटी फाइलीशेजारच्या त्या छोट्या पुडीविषयी. सॉर्बिट्रेटची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, मोलकरणीलाही, ठाऊक असावे. छातीत आवळले तर आधी बसा, मग जिभेखाली गोळी ठेवा. उभ्याने घेतली तर दाब उतरून माणूस कोसळतो, आणि कपाळ फुटल्यावर आमच्याकडे आणतात. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरा विचार न करता १०८ला फोन करा. आणि एक गोष्ट, जी आपल्या घरांतून कोणी बोलत नाही. सिल्डेनाफिल किंवा त्या जातीचे औषध घेतलेल्या पुरुषाला नायट्रेट दिले तर दोघे एकाच साखळीवर दोन बाजूंनी काम करतात आणि रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. इस्पितळात डॉक्टर एकांतात विचारतील, तेव्हा खरे सांगा. बायकोसमोर लाज वाटत असेल तर कागदावर लिहून द्या. पुडीवरची तारीख दर दिवाळीला कपाट आवरताना पाहून घ्या.